भक्कम बचाव आणि शेवटची एसटी

माझं लग्न बुद्धिबळातल्या एका दुर्मीळ बचावामुळे जमलं, आणि तो बचाव मला आजही खेळता येत नाही.

गोष्ट सत्तरचं दशक संपतानाची. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईला, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेला, मी मामांबरोबर आंधळगावला गेलो होतो. तिथे एक मुलगी बांगड्यावाल्याशी भाव करत होती. आवाज न चढवता तिने त्याला असं रडकुंडीला आणलं की मी जागच्या जागी ठरवलं, करायची तर हीच. (हा शांत आवाज पुढे आपल्याच वाट्याला येणार, हे तेव्हा सुचलं नाही.) मामांनी चौकशी केली. मुलगी झिंगरूजींची, घरी धानाची शेती, माणसं चांगली. अडचण एकच. मुलगी पाहायला येणाऱ्या प्रत्येक पोराशी झिंगरूजी बुद्धिबळाचा एक डाव खेळत. चहा थंड व्हायच्या आत जो हरेल, त्याला पोहे खाऊ घालून एसटीच्या थांब्यापर्यंत पोहोचवून देत. बरीच स्थळं अशी थांब्यापर्यंत पोहोचली होती.

मला उंट कोणता आणि हत्ती कोणता, एवढंच कळायचं. मी आमच्या लाखांदूरहून थेट नागपूर गाठलं. माझा आतेभाऊ वसंता तिथे कॉलेजात बुद्धिबळ खेळायचा. सगळी हकिकत ऐकून त्याने मला एक बचाव शिकवला. त्याला कुणा परदेशी माणसाचं नाव होतं, ते माझ्या जिभेवर कधी बसलंच नाही.

“हा कोणी खेळत नाही, म्हणून याची तोड कोणाले मालूम नाही,” वसंता म्हणाला. “तू जितणार नाहीस. पण हराले बी लय वेळ लागन.”

मला तेवढंच हवं होतं. घरी येऊन मी चाली घोकायला लागलो. जेवताना, आंघोळ करताना, दुकानात कापड मोजताना तोंडात तेच, प्यादं पुढे, उंट बाहेर, राजा कोपऱ्यात. आईने दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी मीठ-मोहऱ्या ओवाळून माझी दृष्ट काढली.

ठरल्या दिवशी बाबा, मामा आणि मी आंधळगावला पोहोचलो. ओसरीवर पट मांडलेला होताच. बघायला निम्मी आळी जमलेली. झिंगरूजींनी पहिली चाल केली. मी देवाचं नाव घेतलं आणि पाठांतराप्रमाणे प्यादं दोन घरं पुढे सरकवलं.

झिंगरूजींनी प्याद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काहून जी, तुमच्या प्याद्याले सायकल घेऊन देल्ली का?”

आळी हसली. आंधळगावात देशी बुद्धिबळ खेळत होते, आणि देशीत प्यादं एकेकच घर चालतं. वसंताने मला शिकवला होता तो विलायती खेळ! मी गुपचूप प्यादं एक घर मागे घेतलं. तरी घोकलेलं काही सुटेना. थोड्या वेळाने हातांनी आपोआप किल्लेकोट केला, म्हणजे एका हाताने राजा उचलला, दुसऱ्याने हत्ती, आणि दोघांना एकाच चालीत एकमेकांपलीकडे नेऊन ठेवलं. नागपुरात याला कौशल्य म्हणत. देशीत अशी चालच नाही; इथे ओसरी चिडीचूप झाली. बाबांनी मान खाली घातली. मामा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “चोट्टा समजून राहिले ना बे तुले!” दाराआड तेवढ्या बांगड्या वाजल्या.

आता आपण पोह्यांचे धनी, हे मी ओळखलं. जीव अगदी रडवेला झाला. मोहरे जागेवर ठेवले आणि एकच ठरवलं, काही झालं तरी पुढे जायचं नाही. एकेक घर सरकत मी सगळी प्यादी बांधासारखी आडवी लावून टाकली. चहा आला, थंड झाला, दुसरा आला. मी जिवंत होतो. झिंगरूजी एकेका चालीला पान जमवून खात होते. ऊन ओसरीवरून उतरलं, बाबांची चुळबुळ सुरू झाली, आणि भंडाऱ्याला जाणाऱ्या शेवटच्या एसटीचा हॉर्न वाजला. बाबा उठले. झिंगरूजींनी पटावरची नजर न काढता हात वर केला. “आमच्या घरी डाव मोडून उठत नाहीत जी.”

एसटी गेली. बाबांचा चेहरा पडला. सोयरीक पक्की झाल्याशिवाय मुलाकडच्यांनी मुलीच्या घरी मुक्काम करणं आमच्याकडे भलतंच. उद्या गावभर काय काय बोललं जाईल! आतून मुलीची आई बाहेर आली. तिने एकदा आमच्याकडे आणि एकदा रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

“पाव्हणे मुक्कामी राहिले, म्हंजे सोयरीक झाली. लोकाईले आनखी काय सांगाचं?”

“झाली त झाली,” झिंगरूजी म्हणाले. “चाल याची हाये.”

मला इतकं हायसं वाटलं की चाल कोणती करायची हेच विसरलो. डाव तसाच राहिला, साखर मात्र वाटली गेली.

लग्नानंतर मी हा किस्सा गावोगाव सांगत फिरलो. माझ्या बचावापुढे झिंगरूजींसारखा माणूस संध्याकाळपर्यंत अडकून पडला, म्हणजे काय! एकदा तर मी त्यांच्याच ओसरीवर, त्यांच्याच समोर हे सुरू केलं. सासऱ्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग पट मागवला आणि त्या दिवशीचे मोहरे जसेच्या तसे मांडले. घोडा उचलून माझ्या राजाजवळ ठेवला. मात.

“हे घर पयल्या चहाच्या आधीपासून उघडं होतं जी.”

“मंग खेळले काहून नाही?”

“पोरगी दाराआडून होकाराची मान हलवून गेली होती. तुमाले हरवून काय करू? यष्टी जाऊ देत होतो.”

म्हणजे चहा यायच्या आधीच मी मेलो होतो. फक्त मला कोणी कळवलं नव्हतं.