तिसरा पुकारा

आमच्या घरात पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. बाबा बुलढाण्याच्या कोर्टात शिपाई होते, आणि आई डबा भरताना रोज विचारायची, "आज किती पेश्या?" केंद्रक आणि आवरण असलेली पेशी मला पुढं शाळेच्या पुस्तकात भेटली. तिलाही मी मनातल्या मनात एका काळ्या कोटातल्या वकिलाशेजारी उभं करून पाहिलं होतं.

बाबांचं मुख्य काम पुकाऱ्याचं. शाळा सुटली की मी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली बसून त्यांची वाट पाहायची. बाबा दारात येत, एक हात चौकटीला लावत आणि कागदावरचं नाव मोकळं सोडत, "अमका वल्द तमकाऽ, हाजिर हायऽऽ?" असं तीनदा. हिवाळ्यात धुकं उतरलं की आवार दिसेनासं व्हायचं. नाव त्या धुक्यात जायचं आणि जरा वेळानं त्या नावाचा माणूस धुक्यातून चालत बाहेर यायचा. बाबाच माणसं तयार करतात, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

मोठी झाल्यावर मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागले. तिथं माझ्या 'मले-तुले'ला हसणाऱ्या दोघातिघांना मी सुनावलं आणि कामाला लागले. कॅन्सरच्या गाठीतून काही पेशी सुटतात आणि रक्तात हिंडू लागतात. त्या शोधायच्या, हे आमचं काम. नळीभर रक्तात कोट्यवधी पेशी, त्यात अशी एखादीच. त्यासाठी आम्ही लोखंडाचे नॅनोकण वापरतो. ते इतके बारीक की साध्या भिंगाखाली एकटा कण दिसतच नाही. त्यांच्यावर असा लेप असतो, की कॅन्सरच्या पेशीच्या अंगावरची खूण सापडली की ते तिलाच चिकटतात. मग नळीला चुंबक लावायचं. कणांसकट ती पेशी काचेशी थांबते आणि बाकीचं रक्त वाहून जातं.

हे सगळं मी फोनवर एका वाक्यात उरकलं होतं: "बाबा, मी कॅन्सरच्या पेशी पाहते." आठ दिवसांत कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर बातमी पोचली, की पोरगी पुण्यात कॅन्सरवर केस चालवून राह्यली. मी भयंकर चिडले. बुद्धपौर्णिमेला घरी गेले, तेव्हा खिरीची वाटी बाजूला ठेवून त्यांना सगळं पहिल्यापासून समजावलं. ते डोळे मिटून ऐकत होते.

"म्हंजे तुहा तो कण पुकारेवालाच झाला नं व," ते म्हणाले. "गर्दीत नाव घेते. ज्याचं नाव तो थांबते, बाकीचे आपल्या वाटेनं जाते."

"नाव नाही घेत, बाबा. खूण ओळखतो."

"तेच ते."

त्या रात्री मला राग धरून झोपायचं होतं, पण हसू येत राहिलं.

पुढच्याच वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, केमो झाली. बोटं बधिर झाली, गार पाण्याचा पेला हातात धरवेना. आई आधीच गेली होती, त्यामुळं मी त्यांना माझ्याकडंच ठेवून घेणार होते. पण उपचार संपले त्या दिवशी त्यांनी पिशवी भरली. गाडीत बसताना म्हणाले, "आता मले पुन्हा दवाखान्यात बलावू नोको. माह्या पेश्या संपल्या." मी पुष्कळ भांडले. शेवटी एवढ्यावर तोडगा निघाला, की दर काही महिन्यांनी बुलढाण्यातच रक्त द्यायचं आणि नळी आमच्या अभ्यासासाठी पुण्याला यायची. त्यांची नळी मी हाताळायची नाही, असं आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सांगून ठेवलं होतं.

दोनदा काही सापडलं नाही. मी फोनवर नाचायचीच बाकी होते.

"दोन पुकाऱ्याले आला नाई म्हंजे तो मानूस नाईच, असं नसते," बाबा म्हणाले. "कुठं बिडी पेत बसला असन."

तिसऱ्या वेळी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. चार सापडल्या होत्या. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिलं. काळ्याभोर अंधारात, दिलेल्या रंगामुळं उजळलेले चार हिरवे ठिपके, मंद, जणू कुणी दूरच्या ओट्यांवर दिवे लावून ठेवलेत. त्या पेशी सुंदर दिसत होत्या याचाच मला संताप आला. बाबांचे डॉक्टर म्हणाले, लगेच घेऊन या, स्कॅन करू. आत्ता आले तर करण्यासारखं बरंच आहे, उशीर झाला तर सांगता येत नाही. बाबा येतील की नाही, एवढाच प्रश्न होता. तो फोनवर विचारायची माझी छाती झाली नाही.

रात्रीच्या रेल्वेनं निघाले, मलकापूरला उतरून बुलढाण्याची सकाळची बस धरली. घाट चढताना धुकं खिडकीतून आत येत होतं आणि माझा डोळा लागत होता. अर्धवट झोपेत एक लांबच लांब लाल ओसरी दिसली. तिच्या दारादारांत लोखंडाचे इवलेसे शिपाई उभे होते आणि सगळे बाबांच्या आवाजात कुणाला तरी हाक मारत होते. कुणाला, ते ऐकू येत नव्हतं. बुलढाणा आलं तेव्हा शेजारच्या बाईनं मला हलवून उठवलं.

बाबा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होते. बधिर बोटांतून दाणे निसटत होते.

"पेशी लागली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"लागली. चार हायेत. डॉक्टरनं बलावलं. चाला नं बाबा."

ते शेंगा सोलत राहिले. मला रडू यायला हवं होतं, आला राग. "जिंदगीभर दुनियेले बलावलं, आन तुमची पाळी आली त फरार होता काय?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी ओट्यासमोरच्या धुक्याकडं पाहिलं.

"मंग रीतीनं बलाव," ते म्हणाले. "पुरं नाव घेऊन. तीनदा."

त्यांचं नाव माझ्या नावाच्या मधोमध आहे, शाळेच्या हजेरीत रोज ऐकलेलं. पण बापाला नावानं हाक कोण मारतं? मी उठून दारात गेले आणि एक हात चौकटीला लावला. पहिल्यांदा आवाज ओठांतच राहिला.

"टपरीपर्यंत गेला नाई," बाबा म्हणाले.

दुसऱ्यांदा नाव मध्येच तुटलं. तिसऱ्यांदा मी त्यांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, गावाचं नाव, सगळं त्यांच्याच चालीवर धुक्यात सोडलं. समोरच्या घराची खिडकी उघडली.

बाबांनी मांडीवरची सालं झटकली. हळूहळू उभे राहिले, शर्टाची वरची गुंडी चाचपडत लावली, दोन्ही हात बाजूला सरळ सोडले.

"हजर," ते म्हणाले. मग घरात वळता वळता, "हातमोजे घे माहे. तुह्या दवाखान्यात लई गार असते."