रात्रभर दिसणारे आकडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पोरीला नाही, भावाला नाही, देवापुढंही तोंडातून काढलं नाही. बायकोला सांगायचं होतं — खरं तर तिलाच सांगायचं होतं — आणि तिला जाऊन आता आठ महिने झाले. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

मी सातवी नापास. चौसाळ्यात रस्त्याच्या कडेला माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान. दुकान म्हणजे काय — काचेची पेटी, एक स्टूल आणि वर पत्रा. लिहायची सवय नाही. जसं येईल तसं लिहितो.

घड्याळापासून सुरू करतो, कारण सगळं तिथूनच झालं.

आता कुणाचंही मनगट बघा. बोट लावलं की घड्याळ उजळतं, पावलं मोजतं, काळजाचे ठोकेसुद्धा मोजतं. पोरं माझ्याकडं त्याचा पट्टा बदलायला येतात. पण मी तरणा होतो तेव्हा अंधारात दिसणारं घड्याळ ही लई मोठी गोष्ट होती. आमच्या भागातली माणसं दसरा झाला की उसाला जातात. फडाशेजारी कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, घालून सहा महिने राहायचं, वीज नाही, काही नाही, आणि पहाटे तीनला उठून तोडीला लागायचं. टोळीच्या मुकादमाला वेळ कळायला पाहिजे. काडी ओढून घड्याळ बघावं तर आजूबाजूला वाळकं पाचट. एक ठिणगी पुरे. म्हणून दसऱ्याआधी मुकादम घड्याळं घेऊन माझ्याकडं यायचे आणि म्हणायचे, मिस्त्री, रेडियम मारून द्या. आमच्याकडं जे जे चमकतं ते सगळं रेडियमच.

बाजारात एक हिरवट भुकटी मिळायची. ती आकड्यांवर लावली, दिवसभर ऊन खाऊ घातलं, की दोन तास चमकायची. मग गप. एकदा एका मुकादमानं घड्याळ माझ्या पेटीवर आपटलं. "काय बे मिस्त्री, तुझं रेडियम तर माझ्या आधी झोपतंय की!" चहाच्या टपरीवरची सगळी माणसं हसली. ते मला लागलं.

सुटे भाग आणायला मी हैदराबादला जायचो. तिथं एका म्हाताऱ्या चाचाच्या दुकानात लष्कराच्या भंगारातल्या घड्याळांचे काळे डायल पोत्यात पडलेले असायचे. आकडे करपलेल्या दुधासारखे, चमक अजिबात नाही. मी मूठभर आणले, आकडे खरवडले आणि ती मेलेली भुकटी नव्या हिरव्या भुकटीत मिसळली. कशासाठी मिसळली? सांगता येत नाही. हाताला चाळा. पण ती मिसळल्यावर जे झालं ते बघून मी तासभर घोंगडीखाली डोकं घालून बसलो होतो. विझेचना. तीन दिवस डबीत बंद ठेवलं, उन्हाची तिरीपसुद्धा लागू दिली नाही, तरी तेवढंच. शोध लागला म्हणतात ना, तसा मला तो लागला. सातवी नापास माणसाला. त्याचा मला लई माज होता, तो लपवत नाही.

भुकटी डायलला चिकटवायला मी बाभळीच्या डिंकाचं पाणी घ्यायचो. पण माझी बोटं जाड. आकडा फुगायचा, काट्यावर जास्त लागलं की काटा अडायचा. बायको — गयाबाई — चोळ्या शिवायची. ती बघत होती. मग म्हणाली, सरका तिकडं. सुईत दोरा ओवताना बाया दोऱ्याचं टोक ओठात धरून ओलं करतात, तसा तिनं ब्रश ओठात धरला. केस एकजीव झाले, टोक सुईसारखं. आणि बाराचा आकडा असा काढला की छापल्यासारखा.

मी म्हणालो, अगं थुक ते.

"कावून? बाभळीचा डिंकच हाय न्हवं? बाळंतिणीला लाडवात घालतो आपण." आणि हसली. मीही हसलो.

तेव्हाचं हसणं मला माफ आहे. तेव्हा मला माहीत नव्हतं. पुढचं तसं नाही.

आमची घड्याळं गाजली. चकलांब्यापासनं माणसं यायची. दसऱ्याच्या आधी महिनाभर ती पाटावर डायल मांडून बसायची. एक आकडा, ब्रश ओठात. एक आकडा, ब्रश ओठात. एका डायलला बारा वेळा, काट्यांच्या वेगळ्या.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा चाचाकडं गेलो आणि म्हणालो, ते सगळं पोतं द्या. म्हाताऱ्याला नवल वाटलं. भंगार घेऊन काय करतो? मी फुशारकीनं सगळं सांगितलं. मिसळतो कसं, डिंक कसला, बायकोचा हात कसा बसलाय, ब्रश कसा ओला करते. चाचाचा चेहरा उतरला. त्यानं पोत्यावरचा हात काढून घेतला. म्हणाला, "मुँह को नक्को लगाने दो मियाँ. ये असली रेडियम है. हड्डी में जाके बैठता. विलायत में ऐसाइच काम करती थीं छोकरियाँ, जबड़े गल गए उनके." वर हेही म्हणाला की तुला नेऊ नको म्हणत नाही, पण घरवालीला सांग.

एवढं स्पष्ट. अडाणी माणसालाही कळेल एवढं.

मी पोतं घेऊन एसटीत बसलो. रस्ताभर ठरवत आलो — घरात पाय टाकताच सांगायचं. घरी आलो तर ओट्यावर मुकादम बसलेले, घड्याळांची टोपली भरलेली. म्हटलं, एवढा दसरा होऊ दे. एकदा मी तिला म्हणालो, ब्रश पाण्यात बुडवून बघ की. तिनं बघितलं. आकडा पसरला. तिनं तो पुसला आणि पुन्हा ब्रश ओठात धरला. मी पुढचं डायल तिच्यापुढं सरकवलं. आकडा चांगला आला होता.

दसरा झाला. मग दुसरा आला. असे सात.

आता जे सांगतो ते नीट ऐका, कारण त्यातच सगळं आहे. मी विसरलो होतो असं नाही. त्या दिवसापासनं मी खरवडायचं काम दाराबाहेर, वाऱ्याकडं पाठ करून करायला लागलो. नाकाला उपरणं बांधायला लागलो. जेवणाआधी दोनदा साबणानं हात धुवायला लागलो. पोरगी संगीता तेव्हा चार वर्षांची, तिला पाटाजवळ फिरकू दिलं नाही. एकदा आली तर पाठीत धपाटा घातला. स्वतःला जपलं, पोरीला जपलं. मधे ती बसलेली होती — तिला नाही.

ती मला चिडवायची. "लई साबण लागतोय आजकाल. कुण्या राणीला हात दाखवायचेत?"

एका संध्याकाळी वीज गेली. विझलेल्या चुलीपुढं बसलेली ती काहीतरी बोलायला वळली आणि संगीता टाळ्या पिटत ओरडली, आईच्या तोंडात काजवे! तिचे ओठ चमकत होते. खालचा जास्त. गयाबाईनं आरसा मागितला, बघितलं आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, बघा, तुमच्या दुकानाची पाटी. मी हसलो. कसा हसलो असेन? पण हसलो, मला आठवतं.

पुढं बॅटरीची, बटण दाबल्यावर उजळणारी स्वस्त घड्याळं आली आणि आमचं काम आपोआप बंद पडलं. उरलेलं पोतं मी लांब नेऊन पुरलं. तेही तिला सांगितलं नाही. वर्षं गेली. ती ठणठणीत. मला वाटलं, म्हातारा उगीच काहीतरी बरळला. असं वाटून घेणं सोपं होतं.

गेल्या वर्षी तिची दाढ दुखायला लागली. बीडला नेऊन दाढ काढली, तर ती जखम भरेना. तोंड सुजलं, बोलणं बंद झालं. मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं. फोटो काढले. जबड्याचं हाड आतनं खाल्लेलं होतं. मला चाचाचा शब्द न् शब्द आठवला. गाठ आहे, डॉक्टर म्हणाले. तरणा पोरगा, बोलायला चांगला. समोर ती खुर्चीवर, शेजारी मी, मागं संगीता आणि जावई.

त्यानं विचारलं, आजी कधी कसल्या कारखान्यात, केमिकलमध्ये काम करत होत्या का?

विचारलं त्यानं. नेमकं तेच विचारलं. मी म्हणालो, न्हाई साहेब. घरकाम आणि शिवणकाम.

मग त्यानं विचारलं, तंबाखू? मिसरी?

गयाबाई एके काळी दातांना मिसरी लावायची. आमच्याकडच्या कितीतरी बाया लावतात. पण तिनं ती सोडून वीस वर्षं झाली होती. संगीताची पोरगी मांडीवर बसून म्हणाली होती, आजी, तुझ्या तोंडाचा वास येतो. त्याच दिवशी तिनं तंबाखूची डबी चुलीत घातली. पुन्हा बोट लावलं नाही.

मी म्हणालो, "लावती की. लई येळा सांगितलं साहेब, ऐकतच न्हाई."

तिनं माझ्याकडं बघितलं. बोलता येत नव्हतं. तिनं उजवा हात वर उचलला आणि बोट हलवलं — नाही, नाही. मी तो हात धरला आणि खाली तिच्या मांडीवर दाबला. दाबून धरला. डॉक्टरला वाटलं, म्हातारा धीर देतोय. संगीता मागं रडायला लागली. डॉक्टरनं कागदावर लिहून घेतलं.

भुकटीनंच झालं का? ठाऊक नाही. मिसरीनंही झालं असेल, दोन्हीनंही असेल. डॉक्टरला कदाचित सांगता आलं असतं. मी कळूच दिलं नाही. आधी सांगितलं असतं तर ती वाचली असती का, तेही ठाऊक नाही. त्या खोलीत मी भ्यालो. पोरीसमोर, जावयासमोर. एवढंच कारण, दुसरं शोधू नका.

त्यानंतर ती चार महिने होती. पेज भरवायचो मी. चमचा तोंडाशी नेला की ती माझ्याकडं न बघता तोंड उघडायची. त्या चार महिन्यांत रोज वेळ होता. रोज.

दहाव्याला आमचा एक चुलता म्हणाला, बाईनं नवऱ्याचं ऐकायला पाहिजे होतं. चार जणांनी माना हलवल्या. मीही हलवली.

संगीता चकलांब्याला दिलेली आहे. तिथं ती बायांच्या बचत गटात आहे. आई गेल्यापासून ती घरोघर जाऊन मिसरी सोडा म्हणून सांगते. आईचा फोटो सोबत नेते. परवा तिचा फोन आला. आवाजात किती दिवसांनी जीव होता.

"आबा, आज सात जणींनी डब्या फेकल्या. आईचं नाव घेऊन सांगितलं मी. माझी आई हट्टापायी गेली म्हणलं, तुमी तसं करू नका." मग म्हणाली, "तुमी किती येळा सांगितलं असंल तिला, न्हाई का आबा?"

मी म्हणालो, हो. लई येळा.

हे परवाचं आहे.