नंदाच्या घरातली तीन मतं

सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर माझं स्वागत एका कुत्र्यानं केलं. सामानाच्या पट्ट्यापाशी मी उभी होते. तेवढ्यात एक लहानखुरा कुत्रा आला, माझ्या पिशवीशेजारी शहाण्या मुलासारखा बसला आणि आपल्या साहेबिणीकडे बघायला लागला. झालं! भडंग निघालं, बेदाणे निघाले, सांगलीची हळद निघाली. ते सगळं बाईंनी हसून परत दिलं, पण परसातला कढीपत्ता गेला कचऱ्यात. धाकट्या बहिणीसाठी, नंदासाठी, ओल्या फडक्यात गुंडाळून एवढ्या लांब आणलेला! माझा जीव असा तुटला म्हणून सांगू.

बाहेर नंदाचे यजमान शरदराव उभे होते. माणूस सोन्यासारखा. माझ्या हातातली पर्ससुद्धा त्यांनी घेतली, गाडीत पाठीला उशी दिली, थर्मासमधून आल्याचा चहा दिला. ऑक्टोबर संपत आला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे डोंगर वाळक्या गवतानं पिवळेधमक झाले होते. सांता क्लारा आलं तेव्हा मला वाटलं, कुठल्या तरी साखर कारखान्याच्या कॉलनीत आलो. बैठी घरं, अंगणात लिंबं लगडलेली, रुंद फुटपाथ, आणि त्यावर औषधालासुद्धा माणूस नाही. घरांपुढच्या हिरवळीवर मात्र छोट्या छोट्या पाट्या खोचलेल्या होत्या.

"हे काय?" मी विचारलं.

"इलेक्शन आहे ना, ताई. तुम्ही ऐन वेळेला आलात," शरदराव म्हणाले.

ना भोंगे, ना रिक्षा, ना गुलाल. निवडणूक आहे हे पाट्यांवरून कळायचं! मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, आणि नोकरीत असेपर्यंत एकही निवडणूक माझ्या ड्यूटीवाचून गेली नाही. त्यामुळे जगातल्या सगळ्यात मोठ्या म्हणवणाऱ्या लोकशाहीतून येऊन जगातल्या सगळ्यात जुन्या म्हणवणाऱ्या लोकशाहीची निवडणूक बघायला मिळणार, याचा मला कोण आनंद झाला.

नंदाचं घर छान आहे. नंदाही छान आहे, जरा वाळली आहे एवढंच. कॉलेजात असताना ही वक्तृत्वाचे करंडक आणायची. मुलींच्या वसतिगृहाचं फाटक संध्याकाळी लवकर लावतात म्हणून प्राचार्यांच्या खोलीबाहेर ठिय्या देऊन बसली होती. आता इथल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते. घरी येऊन ताज्या पोळ्या करते आणि वर "फ्रोजन आवडत नाहीत ह्यांना" असं कौतुकानं सांगते. मुलगी सई एकोणीस वर्षांची. जवळच्याच कॉलेजात जाते, घरीच राहते. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. पहिल्याच दिवशी मला मिठी मारून म्हणाली, "मावशी, आय गेट टू व्होट धिस इयर!" तिचं हे पहिलं मत. पोरगी नुसती उड्या मारत होती.

मग एका संध्याकाळी जेवायच्या टेबलावर शरदरावांनी तीन मोठी पाकिटं मांडली. इथे मतदान घरीच येतं. टपालानं बॅलट (मतपत्रिका) येतो, घरी बसून भरायचा, पाकिटावर सही करायची आणि पेटीत टाकायचा. मला ऐकूनच गरगरलं. बॅलट म्हणजे तरी केवढा! राष्ट्राध्यक्षापासून शाळेच्या समितीपर्यंत सगळे त्याच्यावर, शिवाय भाडं वाढवावं का, कर लावावा का, असे ढीगभर प्रश्न. शरदरावांनी चष्मा लावला, निवडणुकीच्या माहितीच्या दोन जाडजूड पुस्तिका उघडल्या, काळं पेन घेतलं आणि एकेक गोल काळा करत गेले. मन लावून, परीक्षेला बसल्यासारखे. एक संपला. त्यांनी दुसरा ओढला आणि पहिल्यात बघून बघून तोही भरायला लागले.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"नंदाचा."

"नंदाचा तुम्ही भरताय?"

"अहो ताई, तिला वेळ कुठे असतो? रिसर्च मी करतो, सही ती करते. टॅक्ससुद्धा आम्ही जॉइंटच फाइल करतो."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसून नंदाकडे बघितलं. ती ओट्यापाशी थालीपीठ थापत होती. तिनं हात पुसले, आली, पाकिटावर सही केली आणि परत गेली. आतल्या कागदाकडे तिनं ढुंकूनही बघितलं नाही.

माझ्या पायाखालची वाळूच सरकली. अहो, सहीऐवजी अंगठा उठवणाऱ्या बायकांना मी पुठ्ठ्याच्या आडोशामागे एकटं पाठवलंय! "तिला कळत नाही, मी दाखवतो" म्हणत मागोमाग घुसणाऱ्या नवऱ्यांना दंडाला धरून बाहेर काढलंय. आणि इथे माझी सख्खी बहीण, दोन पदव्या घेतलेली, अमेरिकेची नागरिक, आणि तिचं मत कुणी दुसराच भरतोय. तेही प्रेमानं!

शरदरावांचा तिसराही भरून झाला, तेवढ्यात सई खोलीतून आली. "बाबा, व्हेअर इज माइन?"

"झाला. सही कर फक्त."

पोरीचा चेहरा असा झाला की माझ्याच्यानं बघवेना. "यू फिल्ड इट आउट? बाबा, दॅट्स माय व्होट! दॅट्स नॉट इव्हन लीगल!"

"अगं, घरातल्या घरात कसलं लीगल? तुला यातलं काय कळतं? मी तीन वीकेंड यावर घालवलेत. आपल्या घराचं मत एकच असतं, ते तीनदा जातं एवढंच."

"देन आय ॲम नॉट सायनिंग."

"नको करूस. वाया जाऊ दे." शरदरावांनी तिचं पाकीट खणात टाकलं. आवाज चढवला नाही, पण खण जोरात लावला.

"सई, बाबांशी वाद नको. थालीपीठ गार होतंय," नंदा म्हणाली.

सई आईकडे बघत राहिली. रडेल असं वाटलं, पण रडली नाही. न जेवता खोलीत गेली. मीही चार घास कसेबसे गिळले. मेहुण्यांच्या घरी पाहुणी आले होते, बोलायची चोरी.

दुसऱ्या दिवशी कपड्यांच्या घड्या घालताना मी नंदाला गाठलं. "हे कधीपासून?"

"पहिल्यापासून. तेव्हा मला इथलं काही कळायचं नाही गं. मग तसंच चालत आलं."

"आणि आता? आता कळतं ना?"

"ताई, एका कागदासाठी घरात भांडण कशाला?" तिनं मोज्यांच्या जोड्या लावायला घेतल्या. प्राचार्यांच्या दाराशी ठिय्या देणारी ती हीच का, असा मला प्रश्न पडला. मला त्या दिवशी तिचा भयंकर राग आला.

शनिवारी सईनं आम्हा दोघींना समुद्र दाखवायला न्यायचं ठरवलं. शरदराव ऑफिसच्या कामात होते. रस्ता डोंगरातून जातो. दोन्ही बाजूंना रेडवुडची झाडं, लाल सालीची, एवढी उंच की गाडीतून शेंडा दिसायचा नाही. वळणं मात्र आपल्या आंबा घाटासारखी. मी लिंबू चोखत बसले. पलीकडे उतरून समुद्राजवळच्या एका लहान गावात पोचलो आणि सई एकदम "ओह नो" म्हणाली. गाडी विजेवर चालणारी, आणि रागाच्या भरात बाईसाहेब आदल्या दिवशी ती चार्जिंगला लावायलाच विसरल्या होत्या. समुद्र हाकेवर आणि गाडीचा प्राण कंठाशी!

चार्जिंगची जागा मिळाली ती एका जुन्या लाकडी घराच्या मागे. त्या घरात गावाचं छोटंसं संग्रहालय होतं. तासभर करायचं काय, म्हणून आत शिरलो. कॅरल नावाच्या ऐंशीच्या पुढच्या बाई ते बघत होत्या. पांढरे केस, पायात खेळाचे बूट, आवाज खणखणीत. लोणी काढायच्या रव्या, घोड्याचे नाल असं सगळं दाखवत त्या आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे बायकांच्या मताधिकाराच्या चळवळीचं सामान मांडलेलं होतं. पिवळे पट्टे, पिवळी फुलं लावलेल्या टोप्या, धुळीच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या बायकांचे फोटो.

एका फोटोतल्या विशीच्या मुलीवर कॅरलनी बोट ठेवलं. ती त्यांची आजी. घोडागाडीतून शेतमळ्यांवर फिरून भाषणं करायची. वडिलांनी घराबाहेर काढलं, तर शिवणकाम करून एका खोलीत राहिली, पण फिरणं सोडलं नाही. सई त्या फोटोपुढून हलेना.

"तिला काय सांगायचे पुरुष, माहीत आहे?" कॅरल इंग्रजीत म्हणाल्या. "म्हणायचे, बायकांना मत देऊन उपयोग काय? त्या नवरा सांगेल तिथेच खूण करणार. नवऱ्याचंच मत दोनदा मोजलं जाईल."

आणि त्या खदखदून हसल्या. हसल्या त्या एकट्याच. मला तर नंदाकडे बघायचा धीर होईना. कॅरलना वाटलं, इंग्रजी कळलं नसेल. त्यांनी आपुलकीनं नंदाला विचारलं, "तुम्ही इथल्या नागरिक आहात? मत देता?"

"हो तर. प्रत्येक वेळी," नंदा म्हणाली.

"नो मॉम, यू डोन्ट," सई म्हणाली. अगदी हळू. उद्धटपणा नव्हता त्यात. "बाबा डज."

नंदाला कुणी भर चौकात थोबाडीत मारली असती तरी तिचा चेहरा एवढा उतरला नसता. कॅरल बाई तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. नंदा वळली, बाहेर गेली आणि गाडीत जाऊन बसली. आम्ही दोघींनी समुद्र पाहिला, स्ट्रॉबेरीची पाई खाल्ली, नंदा मात्र गाडीतून उतरलीच नाही.

मतदानाच्या दिवशी सकाळी शरदराव घरातूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. त्यांची आणि नंदाची पाकिटं दाराजवळ ठेवलेली होती, संध्याकाळी पेटीत टाकायला. सई पायांत बूट चढवत म्हणाली, "मावशी, वॉक विथ मी?" खणातलं पाकीट नसलं तरी चालतं, केंद्रावर ते रद्द करून नवा बॅलट देतात, हे तिनं शोधून ठेवलं होतं. आम्ही कोपऱ्यापर्यंत पोचलो, तर मागून हाक आली.

"थांबा गं!"

नंदा. घरातल्या सपाता, घरातला गाऊन, वर शरदरावांचं जाकीट, आणि हातात स्वतःचं पाकीट. सईनं आईचा हात धरला.

केंद्र वाचनालयात होतं. मी काही तिथली मतदार नव्हे, म्हणून मी दाराजवळच्या बाकावर बसले आणि डोळे फाडून बघत राहिले. ओळखपत्र विचारलं नाही! नाव, पत्ता, सही, की झालं. शाई नाही, एजंट नाहीत. माझ्यातली मतदान अधिकारी बसल्या जागी तळमळत होती. नंदानं पाकीट टेबलावर ठेवलं आणि काही तरी बोलली. तिथल्या बाईंनी ते रद्द केलं आणि कोरा बॅलट तिच्या हातात दिला.

सई लगेच बाहेर आली, छातीवर 'मी मत दिलं'चं स्टिकर लावून. नंदा येईना. आडोशामागून तिच्या सपाता तेवढ्या दिसत होत्या. लोक आले, गेले, तरी सपाता तिथेच. शेवटी आली. डोळे लाल.

"एवढा वेळ?"

"वाचत होते गं. सगळं वाचलं. सगळं कळलं मला, ताई."

"कुणाला दिलंस मग?"

नंदा माझ्याकडे बघून हसली. लहानपणी चिंचा लपवताना हसायची तशी. "तुला कशाला सांगू?"

घरी शरदराव दारातच उभे होते. दाराजवळ एकच पाकीट उरलं होतं. त्यांनी स्टिकरं पाहिली, एक सईच्या छातीवर, एक नंदाच्या अंगातल्या स्वतःच्याच जाकिटावर. "काय केलंस, नंदा?"

"मत दिलं. तुम्ही तुमचं टाकून या, मी कुकर लावते." आणि आत गेली.

मी सांगलीला परतून महिना होऊन गेला. लोक विचारतात, काय पाहिलंस? मी सॅन फ्रान्सिस्कोचा पूल सांगते, रेडवुड सांगते. खरं पाहिलं ते सांगायला घेतलं की बायका आधी हसतात आणि मग आपापल्या घरातलं आठवून गप्प होतात.

परवा शरदरावांचाच फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग आवाज खाली आला. "ताई, तुम्हाला तरी सांगितलं असेल तिनं. कुणाला दिलं?"

"नाही हो. आणि सांगितलं असतं तरी मी तुम्हाला बोलले नसते."

"पंचवीस वर्षांचा संसार, ताई. मला वाटायचं, तिच्या मनातलं मला सगळं माहीत आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता धक्का होता. मला त्यांची कीव आली, खोटं कशाला बोलू?

"मग तिलाच विचारा की, शरदराव."

"विचारलं," ते म्हणाले. "रोज विचारतो. म्हणते, आधी तुम्ही माझं ऐकायची सवय लावून घ्या, मग बघू."