काओरची बाटली आणि मावशीचा भुरका

तुमच्या आईनं परक्या पाहुण्यांसमोर वाटी तोंडाला लावून आंबील भुरकली, तर तुम्ही आधी कुणाकडे बघता? आईकडे, की पाहुण्यांकडे?

माझ्या मावसभावानं पाहुण्यांकडे बघितलं. मी समोरच बसले होते, म्हणून खात्रीनं सांगते.

गेल्या येळवसेची गोष्ट. वेळ अमावस्येला लातूरकडे येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं भरतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडून पुजायचे, शेंगदाण्यांची नव्हे, ओल्या शेंगाभाज्यांची आंबटसर भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली ज्वारीची आंबील खायची. मावशीकडे जेवणं उरकली की घरधनी आंबिलीचं भांडं घेऊन सगळ्या रानाला फेरी घालतो आणि पिकावर आंबील शिंपडतो. त्याला चर शिंपणं म्हणतात. इतकी वर्षं ते मावसा करायचे. ते गेल्यानंतरची ही पहिली येळवस. चर लेकानं शिंपावा, एवढंच मावशीचं मागणं होतं. फोनवर ती दुसरं काही बोलतच नव्हती. दादा, म्हणजे हाच माझा मावसभाव, हो म्हणाला होता.

मी नांदेडहून एसटीनं आदल्या दिवशीच पोचले. दादा पुण्याहून ऐन दुपारी आला, मोटारीतून, त्याचे साहेब आणि साहेबीणबाई यांना घेऊन. आणि एक बाटली.

आमचं घर लिंगायत, गळ्यात लिंग आहे, दारू उंबऱ्याच्या आत येत नाही. बाटली बघून मावशीचा चेहरा उतरला.

"हे काय आणलास?"

"आई, दारू न्हाई ही. वाईन हाय. द्राक्षाची."

"मग द्राक्षंच आणायचीस की."

साहेब हसले. दादा हसला, पण साहेबांनंतर.

मग त्यानं ज्ञान पाजळायला घेतलं. कुठल्याशा वर्गाला जाऊन तो वाईन शिकला आहे. ही काओरची वाईन. काओर फ्रान्सच्या नैऋत्येला. लॉत नावाची नदी वळणं घेत जाते, तिच्या काठानं गोट्याखड्यांच्या जमिनीचे पायऱ्यांसारखे टप्पे, वर चुनखडीचं पठार. द्राक्ष मालबेक. रंग इतका गडद की जुने लोक तिला काळी वाईन म्हणत. आणि टेरवार. हा शब्द त्यानं डोळे मिटून उच्चारला. टेरवार म्हणजे जमिनीचा स्वभाव: माती, उतार, ऊन, वारा. त्या पठारावरचा चुना घोटाघोटात लागतो म्हणे.

हे सगळं तो बापाच्या काळ्या रानात उभा राहून सांगत होता. बुटाला माती लागू नये म्हणून सतरंजीवर. त्या रानात वरच्या अंगाला हरभरा का घेतात आणि खालच्या अंगाला ज्वारी का, हे त्यानं जन्मात कुणाला विचारलेलं नाही. मग फोटोसाठी बाटली पाच दगडांच्या मधोमध ठेवली. नैवेद्याची आंबिलीची वाटी आड येत होती, ती पायानं नाही, हातानंच सरकवली. एवढा संस्कार शिल्लक होता.

पत्रावळ्या मांडल्या. काओरबरोबर खरं तर स्वतःच्याच चरबीत शिजवलेलं बदक हवं, असं दादानं खेदानं सांगितलं. ते नसेल तर रानबाजूचं, मातीच्या चवीचं काही चालतं. म्हणून भज्जी चालवून घेऊ. तूर, वाटाणा, हरभरा, वाल, शेंगा सोलून सोलून जिची नखं काळी पडली होती, ती बाई हे ऐकत वाढत होती. तिची भज्जी चालवून घेतली गेली.

वाईन मीही घेतली. खोटं कशाला बोलू, चांगली होती. जांभूळ खाल्ल्यावर जीभ आखडते तशी आखडली, आणि भज्जीच्या आंबटपणाबरोबर गोडसर झाली. त्या बाटलीनं माझं काही वाकडं केलं नाही.

साहेबांच्या वाटीत तळाला पातळ भज्जी उरली होती. दादाला हुक्की आली. "सर, शाब्रो करू या." शाब्रो ही तिकडच्या शेतकऱ्यांची रीत. सूप संपत आलं की वाटीत वाईनचा घोट ओतायचा, ढवळायचं आणि वाटी उचलून थेट तोंडाला लावायची. त्यानं वाईन ओतली, साहेबांनी वाटी उचलली आणि मोठ्यानं भुरका मारला. मिशीला भज्जी लागली. साहेबीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. "किती अस्सल," त्या म्हणाल्या. दादा धन्य झाला.

मावशी इतका वेळ पाठ फिरवून, चोरट्यासारखी जेवत होती. साहेबांचा भुरका ऐकून तिला धीर आला असावा. ती वळली, आपली आंबिलीची वाटी उचलली आणि रोजच्यासारखी भुरकली.

"आई," दादा दातांतून म्हणाला, "चमच्यानं. आवाज नको."

तिनं वाटी खाली ठेवली. परत उचलली नाही.

मी मोर्च्यांत पत्रकं वाटत वाढलेली पोरगी. शोषण, दलाली, गुलामी हे शब्द मला बाराखडीबरोबर मिळाले. त्या क्षणी एकही पुरला नाही. तोच भुरका, तोच आवाज. फ्रान्सच्या शेतकऱ्याचा असला की संस्कृती, आईचा असला की लाज.

उन्हं कलली. मावशी म्हणाली, "बाळा, चराचं बघ की आता."

"आई, साहेबांना अंधाराच्या आत हायवेला लागायचंय. गड्याला सांग ना."

"गड्याचा बाप गेलाय का?"

दादानं खिशातून फोन काढला. आंबिलीच्या भांड्याचा एक फोटो घेतला आणि मोटारीत बसला. धुरळा खाली बसेपर्यंत मावशी बांधावर उभी होती. मग आली, पदर खोचला आणि भांडं उचलायला वाकली.

शेजारच्या रानातून तिचे चुलत दीर आले होते. म्हणाले, "वैनी, बाईमाणसानं चर... अन् त्यात तुम्ही..."

"वरीसभर खुरपताना न्हाई आडवं आलात भावजी," ती म्हणाली. "सरा."

ते सरले. भांडं मी घेतलं, ती लिंबाचा डहाळा बुडवून शिंपडत पुढं चालली. हरभऱ्यातून, ज्वारीच्या कडेकडेनं, चारही बांध. कुठं थांबायचं ते मावसांनी ठरवलेलं होतं, तिथं तिथं थांबली. एका बांधावर जास्त वेळ थांबली. 

कोपीत परत आलो तर बाटली तिथंच, अर्धी.

"कशी लागती गं?" तिनं विचारलं.

"जांभळासारखी."

"मग वाईट न्हाई. इसरून गेला बघ येडं."

नांदेडला परतल्यावर मी काओरबद्दल वाचत बसले. त्या गावकऱ्यांशी माझं भांडण नाही. आमच्या खोऱ्याचंच द्राक्ष, आमच्याच रीतीनं, तरच आमचं नाव, असं त्यांनी ठणकावून कायद्यात बसवून घेतलं. आणि टेरवारच्या व्याख्येत माती, उतार, ऊन, वारा यांच्याबरोबर तिथं राबणाऱ्या माणसांचे हातही धरतात. दादानं तेवढेच गाळले होते.

येत्या येळवसेला तुमच्या रानात हे करा. घरात एखादी मावशी असेल, जिच्या हातात चराचं भांडं द्यायला भावकी कचरते, तर डहाळा तिच्या हातात द्या, भांडं तुम्ही घ्या आणि तिच्या मागून चाला. आधी तिच्या शेजारी बसून आंबील प्या, वाटी तोंडाला लावून. पाहुणे असतील तर जरा मोठ्यानं भुरका.