हॅनाबाईंची ट्राम

“फॉरेनच्या डॉक्टरीणबाई ऑपरेशन करणार असतील तर सही करतो. नायतर पोरीला घरी नेतो,” रामदास म्हणाला.

मी त्या वॉर्डची इनचार्ज सिस्टर होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकमधलं आमचं लहान मुलांचं हॉस्पिटल, आणि समोर उभा होता घोटी-सिन्नर रस्त्यावर प्रवासी जीप चालवणारा हा बाप. त्याच्या चार वर्षांच्या सोनालीला क्लबफूट होता. म्हणजे जन्मापासून पाऊल आत वळलेलं. तान्हेपणी आणलं तर प्लास्टर बदलत बदलत ते बहुतेकदा सरळ करता येतं. सोनालीला उशिरा आणलं होतं. प्लास्टरने थोडा फरक पडला, पण पुढे ऑपरेशनच हवं होतं. रामदासच्या गावातल्या एका पोराचा पाय ऑपरेशननंतर ताठ राहिला होता. ते त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

अडचण अशी, की आमच्याकडे फॉरेनच्या डॉक्टरीणबाई नव्हत्याच. हॅना होती. हॉलंडहून भारत फिरायला आलेली. एका ट्रस्टींच्या ओळखीने ती काही आठवडे व्हॉलंटियर म्हणून आमच्याकडे यायची. मुलांना भरवायची, त्यांच्याशी खेळायची, प्लास्टर कापताना त्यांना धरून बसायची. कपडे खराब होऊ नयेत म्हणून मीच तिला पांढरा एप्रन दिला होता. उंच, गोरी बाई, वर एप्रन. पेशंटच्या नातेवाइकांनी पुढचं ठरवून टाकलं.

मी आमचे सर्जन डॉ. पाटणकर यांना जाऊन सांगितलं.

“तिला नुसती मान हलवायला सांगा,” ते म्हणाले. “ऑपरेशन मीच करणार आहे. बाप गेला तर परत यायचा नाही.”

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. मी हॅनाला विचारलं.

“मी ट्राम चालवते,” ती म्हणाली. “त्यांना तसंच सांगा.”

“ते मुलीला घेऊन जातील.”

“त्यांचीच मुलगी आहे.”

प्लास्टर रूमच्या बाहेर आम्ही तिघं उभे राहिलो. हॅना इंग्रजीत बोलायची, मी मराठीत सांगायची. मी सांगून टाकलं. रामदासने पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. आता तो पिशवी उचलणार असं मला वाटलं.

“ट्राम म्हंजे काय?” त्याने विचारलं.

“शहरातल्या रस्त्यावर रुळावरून चालणारी गाडी.”

“आन ती बाई चालवती?”

“हो.”

“शिटा किती?”

मी विचारून सांगितलं. मग ब्रेक कसे लागतात, उतारावर काय करायचं, कुणी आडवं आलं तर काय, हे सगळं झालं. मला गाड्यांमधलं काही कळत नाही. मी शब्दाला शब्द पुढे देत होते. त्या दोघांना मात्र ते समजत असावं.

“मंग ह्या डॉक्टर न्हाईत.”

“नाहीत.”

“त्यांना विचारा, त्यांची पोरगी असती तर ह्या डॉक्टरांकडं दिली असती का?”

मी हॅनाला विचारलं. “मला डॉक्टरकीतलं कळत नाही,” ती म्हणाली. “पण ह्यांनी ऑपरेशन केलेली मुलं तपासणीला येतात, ती चालत येताना मी पाहिली आहेत. मी दिली असती. आणि भीती वाटली असती. बाहेर बसून राहिले असते.”

“मंग बसतील का?”

तिचं दुसऱ्या दिवशीचं केरळकडचं तिकीट काढलेलं होतं. तिने ते रद्द केलं. रामदासने सही केली.

डॉ. पाटणकरांनी सगळं ऐकून घेतलं. “म्हणजे माझ्यापेक्षा ट्राम ड्रायव्हरच्या शब्दाला जास्त वजन आहे.”

“हो, सर.”

“ठीक आहे. सही झाली ना?”

ऑपरेशनच्या दिवशी थिएटरबाहेरच्या बाकावर रामदास, त्याची बायको सुनंदा आणि हॅना बसले होते. एकमेकांची भाषा येत नसल्यामुळे कुणी कुणाला धीर दिला नाही. सुनंदाने फडक्यातली भाकरी मोडून अर्धी हॅनाच्या हातावर ठेवली, आणि ती खाईपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. ऑपरेशन नीट झाल्याचं मी बाहेर येऊन सांगितलं, तेव्हा रामदास भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी आत निघून गेले.

पुढे बरेच महिने प्लास्टर, मग खास बूट. पोटरी थोडी बारीक राहिली. पण पाऊल पूर्ण टेकवून सोनाली चालायला लागली.

हॅना तोवर तिच्या देशात परतली होती. आणि आमच्याकडे घोटीकडून पेशंट यायला लागले. सगळे एकच विचारायचे, “फॉरेनच्या डॉक्टरीणबाई कुठं बसतात?”

तपासणीला आलेल्या रामदासला मी गाठलं. “तुम्हाला तर सगळं माहीत आहे. मग लोकांना हे काय सांगता?”

“सिस्टर, जीपमधी ट्राम समजावत बसलो तर सिन्नर येतं. डॉक्टर म्हटलं की भागतं.”

“पण ते खोटं आहे.”

“हाय ना. पन आलेली मानसं पाटणकर सायबांकडंच जात्यात.”

ते मात्र खरं होतं. शिवाय लोक आता तान्ही मुलं घेऊन येत होते. त्यांतल्या बहुतेकांचं प्लास्टरवर भागायचं, ऑपरेशन लागायचं नाही. सुरुवातीला मी प्रत्येकाला खुलासा करायची. त्यावर काही जण उठून जायला लागले, तेव्हा मी ते बंद केलं. “बाई सध्या त्यांच्या देशात आहेत, आज पाटणकर सर बघतील,” एवढंच सांगायची.

त्यातला शब्द न् शब्द खरा होता.