वहिनींच्या तळघरातला पंप

आमच्या वहिनी शिवणकाम करतात. पडदे, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांवर त्यांच्या हातचे पडदे आहेत. कामाला चोख आणि जिभेला त्याहून चोख. कुणी म्हणालं, "शिलाई जरा कमी करा की," तर म्हणणार, "करते ना, एक बाही कमी लावते." अशी बाई. आणि ही बाई तळघरात बसून भुताशी बोलते असं गल्लीत पसरलं, तेव्हा माझं टाळकंच फिरलं.

भूत म्हणजे कोण, तर माझा दादा. सख्खा मोठा भाऊ माझा! लोकांना काय, जीभ उचलली की टाळ्याला लावली.

आधी तळघराचं सांगतो, नाहीतर काही कळायचं नाही. आमची गल्ली सखल, मागून कालवा जातो, त्यामुळे जमिनीतलं पाणी तळघरांत झिरपतं. म्हणून प्रत्येक तळघराच्या कोपऱ्यात एक खड्डा, खड्ड्यात पंप. पाणी वर आलं की तरंगता गोळा उचलला जातो, पंप चालू होतो, पाणी बाहेर नाल्यात जातं. वीज गेली तर पंचाईत नको म्हणून शेजारी दुसरा छोटा पंप, तो बॅटरीवर. हे बसवायचं आणि दुरुस्त करायचं माझं काम. गल्लीत मला खड्डेवाला म्हणतात. म्हणू देत. पाणी गुडघ्याला लागलं की हेच लोक "अहो साहेब" करत येतात.

दादाच्या घरातला पंप मात्र दादानंच बसवला होता. तो कुलपं-किल्ल्यांचं दुकान चालवायचा, पण हात सगळ्यात. मी म्हणायचो, "अरे, धाकट्याला दोन घास खाऊ दे की." तो म्हणायचा, "तुला घरी जेवायला घालतो ना? मग झालं."

एक दिवस पंप सारखा चालू-बंद, चालू-बंद व्हायला लागला. दादा बघायला खाली उतरला आणि खड्ड्याशीच कोसळला. हृदय. डॉक्टर म्हणाले, काही करता आलं असतं की नाही सांगता येत नाही. डॉक्टरांचं हे वाक्य मला अजून आवडलेलं नाही.

सगळं आटपल्यावर मी खाली गेलो आणि दादाचं अर्धवट राहिलेलं काम पुरं केलं. पंपाच्या वरच्या पाइपात एक झडप असते. पाणी वर जाऊ देते, परत खाली येऊ देत नाही. तिच्यात शिवणाचे धागे अडकले होते. वहिनींच्या फरशीवरचे धागे झाडताना खड्ड्यात जायचे, ते पंपानं वर ओढले. झडप उघडीच राहिली की वर गेलेलं पाणी पुन्हा खाली, पंप पुन्हा चालू. मी धागे काढले, झडप धुतली, बसवली, खड्ड्याला घट्ट झाकण घातलं. पंप शांत झाला.

आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू झाला.

आता ऐका हं. उन्हाळा, कालवा आटलेला, खड्ड्यात जेमतेम पाणी. तरी पंप वाजतोय. थांबला की खालून एक आवाज, माणूस कण्हतो तसा. मग पुन्हा पंप. वहिनी वर मशीनवर असल्या तर हातातलं टाकून खाली धावायच्या. गिऱ्हाईक मापं देत उभं असलं तरी. "आले, आले हो," असं म्हणत. गणवेश न्यायला आलेल्या एका बाईनं ते ऐकलं आणि झालं, गावभर.

मी म्हटलं, "वहिनी, मी बघतो ना जरा."

"हात लावायचा नाही," म्हणाल्या. "तुमच्या दादानं बसवलंय."

पहिल्यांदा मी ऐकलं. दुसऱ्यांदाही ऐकलं. खरं सांगू, मलाही भीती वाटायची. इतकी वर्षं लोकांच्या खड्ड्यांत हात घालतोय, पण तिथल्या जिन्यावर मधल्या पायरीवरूनच मी परत फिरायचो. झडप मी स्वतःच्या हातानं साफ केली होती. ती बिघडायचं कारणच नव्हतं.

मग पुतणीचा फोन आला. ती लांब राहते, दिवस गेलेत, प्रवास बंद. रडत होती. "काका, आई खालीच झोपायला लागलीये. खड्ड्याशेजारी गादी टाकून. म्हणते खाली वास येतो, सडक्या अंड्यासारखा, पण सवय झाली. काका, तिला वर आणा. काहीही करा."

सडक्या अंड्याचा वास म्हटल्यावर मी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

त्या वासाचा अर्थ माझ्या धंद्यात एकच. बॅटरीतलं पाणी आटलंय, चार्जर तिला तरी भरतोच आहे, बॅटरी तापून वायू सोडते आहे. एक वायू विषारी, तो नाकाला कळतो आणि मग सवयीनं कळेनासा होतो. दुसऱ्याला वासच नाही, पण ठिणगी पडली की भडका. दादा दर महिन्याला त्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचा. तो गेल्यावर कोण घालणार? आणि वहिनी त्याच बंद खोलीत झोपत होत्या, आणि मी शहाणा लोकांच्या बॅटऱ्या तपासत हिंडत होतो.

दुपारीच पोचलो. वहिनी खाली गादीवर बसून काजं करत होत्या, शेजारी इस्त्री.

"ती इस्त्री लावायची नाही!" मी जिन्यातूनच ओरडलो. "कुठल्याही बटणाला हात नाही. आधी वर या."

"भाऊजी, अंगात आलं का तुमच्या?"

"आलं असं समजा. चला वर!"

वर आल्या, पुटपुटत आल्या. मी वरच्या बोर्डावरून तळघराची वीज बंद केली, मग खालची खिडकी, मागचं दार, सगळं सताड उघडलं. ती खिडकी वहिनींनी कापड कोंबून बंद केली होती, आवाज बाहेर जाऊन लोक बोलू नयेत म्हणून. हवा खेळेपर्यंत आम्ही दोघं वरच्या पायरीवर बसलो. मग वहिनी म्हणाल्या, "डोकं दुखायचं हल्ली. मला वाटलं, रडून दुखतं."

मला इतका राग आला. कुणाचा ते विचारू नका.

वास गेल्यावर चष्मा लावला, रबरी हातमोजे घातले आणि खाली उतरलो. बॅटरीची कूस फुगलेली, टर्मिनलवर पांढरट-हिरवी बुरशी. चार्जर वेगळा केला, आधी ऋण बाजूची तार सोडली, मग धन बाजूची. खायच्या सोड्याचं पाणी शिंपडल्यावर बुरशी फसफसली. ते धूड मी बाहेर अंगणात नेऊन ठेवलं. लोक पंप चालेना की मोटार बदलतात, बॅटरीकडे बघतही नाहीत. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला. नवी बॅटरी मी गाडीत आणली होती, बंदिस्त, पाणी न लागणारी, पण ती जोडण्याआधी मोठ्या पंपाचं गाऱ्हाणं मिटवायचं होतं. पंप चालवून बघायला वीज पुन्हा लावली.

वहिनी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. "त्याला हात लावू नका म्हटलं ना."

"वहिनी, आज तुम्ही मला घराबाहेर काढलंत तरी चालेल."

वीज येताच पंप पुन्हा सुरू झाला होता. खड्ड्यात हात घालायच्या आधी प्लग काढायचा, हा धंद्याचा पहिला धडा. मी चालत्या पंपाचा प्लग ओढला. पंप थांबला. आणि प्लग माझ्या हातात लोंबत असताना खालून आवाज आला. लांब, घशातून आल्यासारखा. कण्हणं.

आई शप्पथ सांगतो, क्षणभर मी "दादा" म्हटलं. तोंडातून गेलंच. मी प्लग जमिनीवर ठेवेपर्यंत आवाज विरला.

मग डोकं ठिकाणावर आलं. झडप उघडी असली की पाइपातलं पाणी परत खाली कोसळतं आणि जाताना पंपाचं चाक उलटं फिरवतं. वीज नसली तरी चाक फिरतं, आणि फिरलं की घुमतं. बस, एवढंच. भूत ना बित.

पाइपाच्या क्लिपा सैल करून झडप बाहेर काढली. आत धागा होताच. पण अडकलेला नव्हता. झडपेची पाकळी ओढून धरून धागा बिजागरीभोवती गुंडाळलेला, दुहेरी, आणि शेवटी बारीक, सपाट गाठ. अशी गाठ पंप मारत नाही. ती गाठ माझ्या अंगातल्या शर्टाच्या प्रत्येक बटणाखाली आहे.

"हे तुम्ही केलंत?" माझा आवाज चढला. "अहो, काय केलंत हे? गल्ली हसतेय, पोरगी तिकडे रडतेय, मी इथे मरायला टेकलोय भीतीनं, आणि तुम्ही सुईदोरा घेऊन भूत शिवताय?"

त्या जिन्यावर खाली बसल्या. वहिनींना मी दादाच्या मरणातही इतकं लहान झालेलं बघितलं नव्हतं.

"तुम्ही दुरुस्त केलात आणि सगळं गप्प झालं," म्हणाल्या. "मला ते गप्प सहन होईना. क्लिपा कशा सोडायच्या हे मी त्यांच्या शेजारी उभं राहून शंभरदा बघितलंय. ते परत आलेत असं मला कधीच वाटलं नाही हो. मी काही खुळी नाही."

"मग कशाला?"

"वाजला की खाली जाता यावं म्हणून."

मला काही कळेना. झडप हातात घेऊन उभा राहिलो.

"त्या दिवशी मी वर मशीनवर होते. मोठा पडदा होता, त्याचा काठ घालत होते. ते खाली गेले आणि थोड्या वेळानं खालून आवाज आला. आत्ता आला ना, तसाच. मी म्हटलं, पंप. तो तर सकाळपासून वाजतोय. काठ पुरा केला. धागा तोडला. पडद्याची घडी घातली. मग उतरले." हातातलं काजाचं कापड त्या मुठीत आवळत होत्या. "नंतर तुम्ही आलात आणि प्लग परत लावलात. मी बघत होते. प्लग काढलेला होता, भाऊजी. पंप बंद होता."

प्लग मीच लावला होता. दादानं तो शिस्तीत काढून बाजूला ठेवला होता. एवढे दिवस ही गोष्ट माझ्या डोक्यात होती आणि तिचा अर्थ मला सुचला नव्हता.

"आता वाजला की मी जाते," वहिनी म्हणाल्या. "दरवेळी जाते. एकदाही चुकवत नाही."

"अहो, ऐका, ऐका," मी घाईनं म्हणालो. "आत्ता माझ्या हातात प्लग होता ना? तरी वाजला ना? पाणी परत पडतं, त्याचा आवाज. त्या दिवशीही झडप अडकलेलीच होती. दादानं प्लग काढला, पाणी पडलं, पंप घुमला. तेच ऐकलंत तुम्ही. पाणी होतं ते, वहिनी. नुसतं पाणी."

त्यांनी मान वर केली. मला त्यांच्या डोळ्यांत बघवेना.

"किती वेळ पडतं पाणी?"

पाइप माझ्या उंचीहून हातभर जास्त असेल. त्यातलं पाणी काही क्षणांत खाली पडून गेलेलं आम्ही दोघांनी आत्ताच ऐकलं होतं.

"बराच वेळ," मी म्हणालो.

"मोठ्या पडद्याचा काठ होईपर्यंत?"

"हो. कधीकधी त्याहून जास्त."

"दादाची शपथ घ्या."

घेतली. त्याच्याच खड्ड्याशी उभं राहून, त्याच्याच पंपावर हात ठेवून मी दादाची खोटी शपथ घेतली. वहिनींनी पदरानं तोंड पुसलं, उठल्या आणि वर न्यायला गादी गुंडाळू लागल्या.