भोयर सरांची पश्चिमेची खोली

भोयर सर गेल्याचं मला सदरमधल्या एका झेरॉक्सच्या दुकानात कळलं. आमचा एक जुना विद्यार्थी रांगेत माझ्यापुढे होता. मागे वळून म्हणाला, "बाई, तुमाले माहीत नाही का? काल सकाळी गेले न सर..." मी हातातले कागद तसेच पिशवीत कोंबले आणि बाहेर आले. महिना होत आला त्याला. वय झालं होतं, फार भोगावं लागलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते खरी. पण मला स्वतःला ते पटत नाही. त्यांनी अजून थोडं थांबायला हवं होतं.

मी विद्यापीठात शिकवायला लागले तेव्हा साठचं दशक सरत आलं होतं. आमचं समाजशास्त्र अजून अर्थशास्त्राच्या आश्रयाला होतं. त्यांचा वर्ग रिकामा असेल तेव्हा आम्ही शिकवायचं, त्यांचा तास आला की खडू-डस्टर उचलून व्हरांड्यात यायचं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! सरांनी वर्षानुवर्षं खेटे घालून स्वतंत्र विभाग मिळवला, त्याचे ते पहिले प्रमुख झाले आणि व्हरांड्याच्या टोकाला दोन खोल्या आमच्या पदरात पडल्या. एक सरांची, जेमतेम टेबल मावेल एवढी. दुसरी मोठी, पश्चिमेची, वर्गासाठी. तिच्यातल्या मोडक्या खुर्च्या काढून आम्ही ती झाडली, त्या दिवशी सरांनी सगळ्यांना तर्री-पोहे खाऊ घातले. हिंगणघाटकडच्या खेड्यातून आलेला हा माणूस एरवी चहालाही हात आखडता घेई.

पण एप्रिल लागला की पश्चिमेची ती खोली अशी तापे, की दुपारी तिकडे कुणी फिरकत नसे. पुढे काही वर्षांनी एक नवा विभाग मंजूर झाला, त्याला जागा हवी होती. जागा पाहणारी समिती ऐन मे महिन्यात येणार आणि वापरात नसलेली खोली काढून घेणार, असं कानावर आलं. मोठी खोली गेली असती तर आमचे विद्यार्थी पुन्हा अर्थशास्त्राच्या दारात उभे. मी तावातावाने म्हटलं, "सर, निवेदन देऊ."

"निवेदन कोण वाचते, बाई?" सर शांतपणे म्हणाले. "खोली रिकामी दिसली का गेली समजा. तिथं माणसं बसली पाहिजेत."

सबंध विभागात कूलर एकच, तोही सरांच्या खोलीत. दुसऱ्या दिवशी बघते तर सर आणि शिपाई तो व्हरांड्यातून ढकलत नेताहेत! पश्चिमेच्या खिडकीत तो बसला, त्याला नव्या वाळ्याच्या ताट्या लागल्या, कोपऱ्यात माठ आला. मग काय, गूळ तिथे मुंगळे. संशोधन करणारी मुलं आली, शेजारच्या विभागांतले प्राध्यापक उत्तरपत्रिका तपासायला आले, अर्थशास्त्राचे प्रमुखसुद्धा आपला गठ्ठा घेऊन आले. सर मात्र आपल्या भट्टीत, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून प्रबंध वाचत बसलेले. मला भारी राग आला. "तुम्हीही चला ना तिकडे," मी म्हटलं.

"मी तिथं बसलो का पोट्टे उठून जातात... राहू द्या."

समिती आली. अध्यक्ष घाम पुसत आत शिरले आणि बसायला जागा शोधू लागले. अर्थशास्त्राचे प्रमुख मान वर न करता म्हणाले, "बसायचं असेल तर खुर्ची बाहेरून आणा, साहेब. इथली एकही मोकळी नाही." खोली आमच्याकडेच राहिली. कूलर मात्र सरांच्या खोलीत परत गेला नाही. निवृत्तीपर्यंतचे सगळे उन्हाळे त्यांनी ओल्या दुपट्ट्यावर काढले. निवृत्तीनंतरही कधीमधी यायचे, व्हरांड्यातूनच डोकावायचे. "आहेत न पोट्टे?" एवढं विचारून सीताबर्डीची बस पकडायला निघून जायचे.

परवा त्यांच्या घरी गेले. ओसरीतली त्यांची वेताची खुर्ची पाहायला लागणार, याचीच मला धास्ती होती. खुर्चीत काकू बसल्या होत्या. सरांच्या पत्नी, मांडीवर परात, मेथी निवडत. सरांचा फोटो भिंतीवर होता.

"ये वं. उभी काहून?" त्या म्हणाल्या. माझी नजर खुर्चीवर अडकलेली त्यांनी पाहिली असावी. "पोरगं म्हणत होतं, खुर्चीवर फोटो ठेवू, हार घालू. मी म्हटलं, नाही. रिकामी दिसली का गेली, म्हणत होते न ते..."

मला रडू आवरेना. काकूंनी मला रडू दिलं. मग उठल्या, परात माझ्या हातात दिली.

"मी चहा मांडते. तोवर तू बस तिथं."

मी बसले आणि मेथी निवडायला घेतली.